महामार्गावरची गस्त मिनिटांत मोजा: महामार्ग पोलिसांना खुले पत्र

प्रति,
मा. अपर पोलीस महासंचालक (वाहतूक), महाराष्ट्र राज्य,
तसेच महामार्ग पोलिसांचे प्रादेशिक अधीक्षक, सर्व जिल्हा पोलीस अधीक्षक आणि पोलीस आयुक्त यांस,

स.न.वि.वि.

महामार्ग पोलिसांच्या एखाद्या मदत केंद्राने महिन्यात किती चलने केली आणि किती दंड वसूल केला, हे विचारले तर उत्तर लगेच मिळते. अपघाताची खबर आल्यापासून पहिले वाहन जागेवर पोहोचायला किती मिनिटे लागली, हे विचारले तर ठाण्याची डायरी, 112 ची नोंद आणि रुग्णवाहिकेची नोंद अशा तीन ठिकाणी शोधावे लागते आणि तिन्हींत वेळ वेगळी निघते. गस्तीची आखणी या मिनिटांवरून व्हावी आणि तिचे मोजमापही त्यांवरूनच व्हावे, एवढ्यासाठी हे पत्र आहे. बाकी सारे तपशील या एका मागणीच्या पोटातले आहेत.

2022 मध्ये राज्यात रस्ते अपघातांत 15,224 माणसे दगावली. त्या वर्षीच्या देशभरच्या हिशेबात सुमारे 68 टक्के मृत्यू ग्रामीण भागातले होते. राष्ट्रीय महामार्गांची लांबी एकूण रस्त्यांच्या जेमतेम 2 टक्के, पण मृत्यूंतला त्यांचा वाटा 36 टक्क्यांच्या वर. म्हणजे माणसे मरतात ती बहुतेक शहराबाहेर, मोठ्या रस्त्यांवर, जिथे मदत लांब असते. शहरात वाहने जास्त, अपघातही होतात, पण दहा मिनिटांच्या अंतरावर एखादे रुग्णालय असते. गावाकडच्या पट्ट्यात पहिली दहा मिनिटे नेमके ठिकाण सांगण्यातच जातात.

आता बीटची, म्हणजे एका वाहनाला नेमून दिलेल्या गस्तीच्या पट्ट्याची, आखणी बघू. नकाशावर 60 किलोमीटरचा पट्टा घेऊन तो एका वाहनाला द्यायचा आणि ‘सतत फिरत राहा’ असे सांगायचे, ही जुनी पद्धत. तिचा हिशेब साधा आहे. वाहन पट्ट्यावर कुठेही असू शकते आणि अपघातही कुठेही होऊ शकतो, तेव्हा दोघांतले सरासरी अंतर लांबीच्या एक-तृतीयांश, म्हणजे 20 किलोमीटर पडते. तेच वाहन पट्ट्याच्या मध्यावर उभे ठेवले तर सरासरी 15 किलोमीटर. आणि मदत केंद्र एका टोकाला आहे म्हणून वाहनही तिथेच उभे राहिले, तर 30. ताशी 60 च्या सरासरी वेगाने धरले तर 20, 15 आणि 30 मिनिटे. गाडी तीच, माणसे तीच, डिझेल उलट कमी, आणि फक्त उभे राहण्याची जागा बदलल्याने निम्मा वेळ वाचतो. अनेक मदत केंद्रांची जागा ठरली ती टोल नाका, उपलब्ध सरकारी जमीन किंवा वीज-पाण्याची सोय पाहून. इमारत हलवता येत नाही हे आम्हालाही कळते. वाहनाचा थांबा मात्र हलवता येतो. केंद्र एका टोकाला असो, पण दिवसाच्या कोणत्या तासाला वाहन कोणत्या किलोमीटरच्या दगडापाशी उभे असेल, याचा तक्ता केंद्राच्या भिंतीवर लागला पाहिजे.

दुभाजक असलेल्या रस्त्यावर हा हिशेब आणखी बिघडतो. अपघात मागे दोन किलोमीटरवर झाला असला, तरी वळायला जागा कुठे आहे यावर सगळे अवलंबून. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा आणि त्यावर 24 इंटरचेंज, म्हणजे चढण्या-उतरण्याच्या जागा. सरासरी काढली तर दोन इंटरचेंजमध्ये 29 किलोमीटर पडतात. अशा रस्त्यावर 30 किलोमीटरचा पट्टा म्हणजे जाऊन-येऊन 60 किलोमीटरचा एकदिशा फेरा. त्या फेऱ्यात एकच वाहन फिरत असेल तर अपघातस्थळापर्यंतचे सरासरी अंतर 30 किलोमीटर, आणि नशीब वाईट असेल तर पुरते 60. ताशी 90 ने गेले तरी सरासरी 20 मिनिटे. दुसरे वाहन पहिल्याच्या बरोबर समोर, अर्ध्या फेऱ्याच्या अंतराने चालवले, तर सरासरी 15 किलोमीटरवर येते. दोन वाहने एकामागोमाग निघून त्याच ढाब्यावर एकत्र चहाला थांबली तर दुसऱ्या वाहनाचा उपयोग शून्य. वायरलेसवर दर अर्ध्या तासाने दोघांनी आपापला किलोमीटर सांगायचा, एवढ्याने अंतर राखता येते. आणि दुभाजकात आणीबाणीसाठी सरकवता येणारे कठडे जिथे आहेत, तिथे त्यांची चावी किंवा अवजार गस्तीच्या वाहनात असले पाहिजे. टोल कंपनीच्या कार्यालयातल्या कपाटात ठेवलेल्या चावीने कोणाचा जीव वाचत नाही.

उलट दिशेने गाडी घालणे हा त्यावरचा उपाय नव्हे. मोठ्या अपघाताच्या मागे रस्ता पूर्ण तुंबलेला असेल आणि पुढची बाजू रिकामी झाल्याची खात्री केली असेल, तरच आणि तेही समोरच्या टोकाला वाहतूक रोखून ठेवल्यावरच. ‘रस्ता मोकळा दिसतोय’ एवढ्यावर घातलेली गाडी दुसरा अपघात घडवते.

शहरालगतच्या पट्ट्याचे गणित वेगळे. तिथे अंतर कमी, पण गाडी जागची हलत नाही. तीन लेनपैकी एक अडली तर रस्त्याची क्षमता एक-तृतीयांशाने नव्हे, जवळजवळ निम्म्याने घटते, कारण उरलेल्या दोन लेनमधले चालक वेग कमी करून बघत जातात आणि शेवटच्या क्षणी लेन बदलतात. अशा ठिकाणी बोलेरोपेक्षा दोन मोटरसायकली जास्त कामाच्या. एका बाइकच्या पेटीत रक्तस्राव थांबवायची सामग्री, हातमोजे, दोन घडीचे शंकू, लाल दिव्याची दांडी आणि ई-चलन मशीन बसते. बाइकवाला आधी पोहोचतो, जखमी किती ते सांगतो, कोणती क्रेन लागेल ते सांगतो. हे शेवटचे फार महत्त्वाचे आहे. कलंडलेल्या भरल्या कंटेनरसाठी साधी हायड्रा (छोटी क्रेन) मागवली, ती आली, तिला वजन झेपले नाही, मग मोठी क्रेन दुसऱ्या टोकाहून निघाली, यात दोन तास सहज जातात. पहिल्या निरोपातच वाहन कोणते, भरलेले की रिकामे, माल काय, कोणत्या बाजूवर पडले आणि किती लेन अडल्या, हे पाच शब्द आले पाहिजेत. टँकर असेल तर सहावे: मागच्या पाटीवरचा धोक्याच्या मालाचा क्रमांक. तो दुरूनच वाचायचा, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहून.

पण खरी अडचण गाव आणि शहर यांच्या सांध्यावर आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग 94.5 किलोमीटरचा. तेवढ्यात नवी मुंबई आयुक्तालय, रायगड जिल्हा, पुणे ग्रामीण आणि पिंपरी-चिंचवड आयुक्तालय अशा चार हद्दी येतात. गस्त महामार्ग पोलिसांची, गुन्हा दाखल होणार स्थानिक ठाण्यात, रस्ता आणि क्रेन रस्ते महामंडळाच्या ठेकेदाराची, रुग्णवाहिका 108 ची, आणि जड वाहनांची तपासणी परिवहन विभागाच्या वायुवेग पथकाकडे. हद्दीच्या दगडाजवळ अपघात झाला की आधी ‘कोणाच्या हद्दीत’ हे ठरते, मग माणूस हलतो. यावर उपाय एकच: हद्दीच्या दोन्ही बाजूंना 5-5 किलोमीटरचा सामाईक पट्टा लेखी आदेशाने ठरवावा. त्या पट्ट्यात जो जवळ तो जाईल, जागा सुरक्षित करील, जखमी हलवील. कागद ज्याच्या हद्दीत आहेत त्याने नंतर करावेत. हे आजही काही ठिकाणी दोन अंमलदारांच्या ओळखीवर चालते. ओळखीचा माणूस बदलीने गेला की बंद पडते, म्हणून आदेश लेखी हवा.

फोनच्या नंबरांचेही तसेच. प्रवाशासमोर 112 आहे, 108 आहे, राष्ट्रीय महामार्गासाठी 1033 आहे, शिवाय टोलच्या पावतीवर छापलेला वेगळा. घाबरलेला माणूस यातला कोणताही एक लावील आणि तो बरोबरच असेल. निवड त्याच्यावर सोपवायची नसते. महामार्ग पोलिसांचे प्रत्येक गस्ती वाहन 112 च्या नकाशावर जिल्ह्याच्या वाहनांच्या बरोबरीने दिसले पाहिजे आणि 1033 वर आलेली अपघाताची खबर आपोआप तिथे पोहोचली पाहिजे. आणि खबर देणाऱ्याला ‘कोणते गाव’ असे विचारण्याआधी ‘तुम्ही कुठून कुठे निघाला होता’ हे विचारावे. दुभाजकाच्या कोणत्या बाजूला जायचे ते त्याच एका प्रश्नाने कळते, आणि चुकीच्या बाजूला पोहोचलेले वाहन पुन्हा वळवण्यात जाणारी पंधरा-वीस मिनिटे वाचतात.

वेळेबद्दल. देशाच्या आकडेवारीत सर्वाधिक अपघात संध्याकाळी 6 ते रात्री 9 या तीन तासांत होतात, एकूण अपघातांपैकी सुमारे पाचवा हिस्सा. जिथे पाळी रात्री 8 ला बदलते, तिथे साडेसात ते साडेआठ वाहन केंद्राच्या दारात उभे असते: बिनतारी संच, शंकू, ब्रेथ अ‍ॅनालायझर यांची देवघेव, डिझेल, नोंदी. म्हणजे सर्वांत वाईट तासाला रस्ता रिकामा. पाळी दुपारी 3, रात्री 11 आणि सकाळी 7 ला बदलावी, किंवा दोन वाहने असतील तर त्यांच्या पाळ्या दोन तासांच्या फरकाने ठेवाव्यात. यासाठी शासन निर्णय लागत नाही, प्रभारी अधिकाऱ्याची सही पुरते.

मनुष्यबळाचा हिशेब मात्र सहीने सुटणारा नाही, आणि तो उघडपणे मांडला जात नाही म्हणून इथे मांडतो. वाहनातली एक जागा वर्षभर चोवीस तास भरलेली ठेवायची तर 8,760 तास होतात. एका अंमलदाराचे वर्षाचे 365 दिवस, त्यातून 52 साप्ताहिक सुट्ट्या, 30 अर्जित रजा, आणि किरकोळ रजा, आजारपण, प्रशिक्षण, कोर्टाची तारीख मिळून सुमारे 25 दिवस वजा केले की 258 दिवस उरतात. आठ तासांच्या पाळीने 2,064 तास. म्हणजे एका जागेमागे सव्वाचार माणसे. चालक, एक अंमलदार आणि एक अधिकारी अशा तीन जागांच्या एका वाहनाला 13 माणसे लागतात, आणि यात बंदोबस्त धरलेलाच नाही. बारा तासांची पाळी लावली की कागदावर 9 माणसांत भागते. मग पहाटे 4 ला चालकाचाच डोळा लागतो. आषाढीला आळंदी आणि देहूहून पालख्या निघाल्या, गणपतीला कोकणात जाणारी गर्दी सुरू झाली, निवडणूक लागली, की महामार्गाची माणसे बंदोबस्ताला ओढली जातात. वारी आणि गणेशोत्सव तिथीने येतात, पंचांगात आधीच छापलेले असतात. त्या आठवड्यांत कोणत्या पट्ट्यावरची गस्त कमी होणार, हे महिनाभर आधी ठरवून तिथल्या स्थानिक ठाण्याला लेखी कळवता येते. आज ते ठाण्याला त्या रात्री कळते.

जागेवर पोहोचल्यावरच्या पहिल्या पाच मिनिटांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण पोलीसच मरतात ते इथे. वाहन अपघाताच्या मागे, येणाऱ्या वाहतुकीच्या बाजूला, 30 ते 50 मीटर अलीकडे उभे करायचे. तिरके, आणि पुढची चाके रस्त्याच्या कडेकडे वळवून, म्हणजे मागून कोणी धडकले तरी गाडी जखमींवर जाणार नाही. दिवे चालू, पण पुढचे प्रखर दिवे बंद, नाहीतर समोरून येणारा आंधळा होतो. मग शंकू. ताशी 100 वेगाने येणाऱ्या गाडीला धोका दिसून थांबायला भारतीय रस्ता मानकांत 180 मीटर धरलेले आहेत. लांबच्या 100 मीटरांत दर 20 मीटरला आणि जवळच्या 80 मीटरांत दर 10 मीटरला एक असे लावले तरी 13 शंकू लागतात. पाच-सहा शंकूंत हे होत नाही, आणि मग ते सगळे अपघातग्रस्त गाडीभोवती गोल मांडले जातात, जिथे त्यांचा काही उपयोग नाही. शंकू लावताना माणसाने तोंड वाहतुकीकडे ठेवून मागे मागे चालायचे असते, पाठ कधीच द्यायची नाही. वळणाच्या किंवा चढाच्या पलीकडे अपघात असेल तर पहिला शंकू वळणाच्या अलीकडे गेला पाहिजे, मग तो 180 ऐवजी 300 मीटरवर का असेना.

तिघांपैकी एक जण फक्त वाहतुकीकडे बघत उभा राहील. त्याने जखमी उचलायला जायचे नाही, कितीही ओरड झाली तरी. हे ऐकायला कठोर वाटते, पण त्याच्या एका इशाऱ्यावर बाकी सगळे वाचतात. दुसरा जखमींकडे: आधी जो ओरडत नाही त्याच्याकडे. रक्त वाहत असेल तिथे दाब, श्वास चालू आहे का, मान हलवायची नाही, आग किंवा गळती नसेल तर अडकलेल्याला ओढायचे नाही. गाडीची चावी बंद, शक्य असल्यास बॅटरीची तार सोडवायची, चाकाखाली ठोकळा. डिझेल सांडले असेल तर वाळू. पाणी मारू नये, त्याने डिझेल पसरते आणि मागून येणारा दुचाकीस्वार घसरतो. जमलेल्या लोकांतून मदत करणाऱ्याचे नाव-पत्ता मागण्याची घाई करू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134अ ने त्याला संरक्षण दिले आहे, आणि नाव सांगण्याची सक्ती नाही हे त्याला पोलिसाच्या तोंडून ऐकू आले, तर पुढच्या वेळी तो थांबेल. 5 मे 2025 पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे विनारोकड उपचार मिळण्याची योजना लागू आहे. पट्ट्यातली नियुक्त रुग्णालये कोणती, ही यादी प्रत्येक गस्ती वाहनात डकवलेली हवी, कारण चुकीच्या रुग्णालयाच्या दारातून परत फिरण्यात पहिला तास संपतो.

वाहने हलवण्यापूर्वी फोटो. चारही बाजूंनी, ब्रेकच्या खुणांचे, आणि एक फोटो असा की त्यात किलोमीटरचा दगड किंवा विजेचा खांब दिसेल. तेवढे झाले की रस्ता मोकळा करावा. पंचनाम्यासाठी वाहने तासन्‌तास लेनमध्ये ठेवण्याची गरज नसते. खडूने चाकांच्या जागा आखून घेतल्या तर मोजमापे नंतरही घेता येतात.

हंगामाबद्दल लिहिले नाही तर पत्र अपुरे राहील. पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा आणि नगर-सोलापूर पट्ट्यात दिवाळीच्या आसपास साखर कारखान्यांचे गाळप सुरू होते आणि उन्हाळ्यापर्यंत रात्रीचा रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांचा असतो. एक ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या. ट्रॅक्टरला दिवे असतात, पण पहिल्या ट्रॉलीपासून दुसऱ्या ट्रॉलीकडे जाणारी तार बहुधा तुटलेली किंवा लावलेलीच नसते, कारण ट्रॉल्या रोज सुटतात आणि जोडल्या जातात. ट्रॉलीच्या मागच्या फळीवर रेडियमची पट्टी असते, पण ऊस भरला की वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या शेंड्यांचा, झुबका तिच्यावर लोंबतो. शिवाय धूळ आणि चिखल. मागून ताशी 80 ने मोटार येते, ट्रॅक्टर 20 ने चाललेला. फरक ताशी 60, म्हणजे सेकंदाला जवळजवळ 17 मीटर. डिपरच्या उजेडात बिनदिव्याची काळपट ट्रॉली 50 मीटरवर दिसली तर हातात तीन सेकंद. त्यातले अडीच चालकाला समजून पाय ब्रेकवर यायलाच जातात.

यावर रस्त्यात ट्रॅक्टर अडवून चलन करणे हा सर्वांत कमकुवत उपाय आहे. भरलेली ट्रॉली साइडपट्टीवर उतरवता येत नाही, ती रस्त्यातच उभी राहते आणि धोका वाढतो. तपासणी कारखान्याच्या वजनकाट्यावर व्हावी. प्रत्येक ट्रॅक्टर तिथे थांबतोच. रिकामा होऊन निघताना काट्यावरच्या माणसाने तीन गोष्टी बघायच्या: मागची रेडियम पट्टी पुसलेली आहे का, शेवटच्या ट्रॉलीला लाल दिवा लागतो का, आणि भरल्यावर उसाच्या वरून बांधायचे चमकणारे लाल कापड दोरीसह सोबत आहे का. कापड उसावर, फळीवर नाही. बैलगाडीसाठी जुवाला आणि मागच्या आडव्या लाकडाला पट्टी. कारखान्यांशी बोलणी हंगामाआधी व्हावी लागतात; गव्हाण (ऊस गाळपाला टाकायची जागा) सुरू झाली की कोणी ऐकायच्या मनःस्थितीत नसते. गस्तीचे काम मग एवढेच उरते की रात्री 7 ते 12 या वेळात कारखान्याकडे जाणाऱ्या फाट्यांच्या अलीकडे वाहन दिवे लावून उभे ठेवायचे आणि बंद पडलेल्या ट्रॉलीच्या मागे शंकू लावायचे. बंद पडलेली ट्रॉली चालत्या ट्रॉलीपेक्षा जास्त घातक, कारण तिच्यामागे दगड ठेवून चालक जॅक आणायला गेलेला असतो.

घाटांत आणि उतारांवर याच्या उलटी चूक होते: वाहन पायथ्याशी उभे असते. पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार सर्वांना माहीत आहे. ट्रकचालक डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडतात, इंजिनाचा अटकाव जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि पुलाशी पोहोचेपर्यंत पायाखाली ब्रेक उरत नाही. पुलाखाली उभा असलेला हवालदार तेव्हा काही करू शकत नाही. तपासणी उताराच्या माथ्यावर हवी, जिथे ट्रक उभा करायला पुरेशी रुंद जागा आहे तिथे: हवेच्या दाबाचा काटा पुरेसा वर आहे का, चाकांजवळ जळका वास येतो का, आणि चालकाला एकच सूचना, कोणत्या गियरमध्ये उतरायचे. दोन मिनिटांचे काम आहे. बोरघाट, कसारा, खंबाटकी, जिथे जिथे लांब उतार तिथे हेच.

वेगमापक बंदुकीबद्दल एक तांत्रिक मुद्दा, कारण त्यावरून वाद होतात. उभ्या वाहनातून बंदूक रस्त्याच्या दिशेशी कोन करून धरली तर ती खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवते. 10 अंशाला फरक दीड टक्का, 20 अंशाला 6 टक्के. ताशी 100 ची गाडी 94 दिसते. म्हणजे चूक चालकाच्याच फायद्याची असते, पण खरा बेफाम चालक सुटतो. म्हणून कडेपासून फार आत झाडाखाली उभे राहू नये. शिवाय पोलीस दिसल्याने कमी झालेला वेग काही किलोमीटरांत पुन्हा वाढतो. तेव्हा बंदूक सरळ, सुरक्षित, चलनाला सोयीच्या पट्ट्यावर लावण्यापेक्षा धोक्याच्या वळणाच्या किंवा गावफाट्याच्या एक-दोन किलोमीटर अलीकडे लावावी. चलने कमी होतील. मोजमाप चलनांवर ठेवले तर कोणताही अंमलदार अशी जागा निवडणार नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. कॅमेऱ्यांच्या बाबतीत केंद्रीय मोटार वाहन नियम 167अ ने सूचनाफलक लावणे आणि पंधरा दिवसांत नोटीस पाठवणे बंधनकारक केले आहे. तोच उघडेपणा माणसाने चालवलेल्या बंदुकीलाही लागू करावा. लपून पकडलेल्याची चिडचिड होते, पण दिसणाऱ्या वाहनामुळे वळणावरचा वेग खरोखर कमी होतो.

शेवटचा मुद्दा नोंदींचा. केंद्राच्या व्याख्येप्रमाणे राष्ट्रीय महामार्गाच्या 500 मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात झाले किंवा 10 माणसे दगावली, तर तो अपघातप्रवण टप्पा. म्हणजे जागा 500 मीटरच्या आत नेमकी कळली पाहिजे. पण ठाण्याच्या फिर्यादीत लिहिले जाते ‘अमुक गावच्या शिवारात, ढाब्यासमोर’. रस्त्याचा अभियंता चेनेजने, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनच्या अंतराने, बोलतो. काही नोंदींत रस्त्याचा क्रमांक अजून जुना असतो: 48 ऐवजी 4, 65 ऐवजी 9, 66 ऐवजी 17. एकाच वळणावरचे पाच अपघात पाच वेगवेगळ्या नावांनी नोंदले गेले की त्या वळणाला कधीच कठडा मिळत नाही. गस्ती पथकाने जागेवर उभे राहून मोबाइलवर अक्षांश-रेखांश, जवळच्या दगडावरचा किलोमीटर आणि रस्त्याची बाजू या तीन गोष्टी टिपून स्थानिक ठाण्याला पाठवाव्यात, आणि ठाण्याने ई-डार या अपघातनोंदीच्या संगणकप्रणालीत त्याच भराव्यात.

हे सगळे एकदम होणार नाही. सुरुवातीला प्रत्येक मदत केंद्राने एक नोंदवही ठेवावी आणि तिचा गोषवारा दर महिन्याला संकेतस्थळावर टाकावा. रकाने सहा: खबर आल्याची वेळ, वाहन निघाल्याची वेळ आणि त्या क्षणीचा किलोमीटर, पोहोचल्याची वेळ, रुग्णवाहिका आल्याची वेळ, रस्ता मोकळा झाल्याची वेळ, आणि उशीर झाला असल्यास कारण. कारणाच्या रकान्यात ‘वळायला जागा नाही’, ‘वाहन बंदोबस्ताला’, ‘हद्दीचा प्रश्न’, ‘क्रेन लहान’ असे साधे शब्द चालतील. सरासरीसोबत दहातल्या सर्वांत उशिराच्या खबरीला किती मिनिटे लागली हेही द्यावे, कारण सरासरी चांगली दिसत असतानाही एखादा पट्टा कायम उपाशी असू शकतो. येत्या गाळप हंगामाच्या आधी निदान ऊसपट्ट्यातल्या आणि शहरांलगतच्या केंद्रांवर ही वही सुरू करावी. तिच्यातले पहिले तीन महिने हाती आले की कोणते वाहन कुठे उभे करायचे, यावर आपल्या अधिकाऱ्यांसोबत बसायला आम्ही तयार आहोत.

आपले नम्र,
रस्ते सुरक्षा, वाहतूक अभियांत्रिकी आणि आपत्कालीन सेवेत काम करणारे काही नागरिक